पिवळ्या पिनेचा घोळ
सेगाच्या मेगा ड्राइव्ह या जुन्या गेम मशीनचं चित्र एलईडी टीव्हीवर धूसर येतं म्हणून एचडीएमआय कन्व्हर्टर घ्यायचा म्हणताय, तर थांबा. घोळ टीव्हीला चित्र नेणाऱ्या पिवळ्या पिनेचा (कॉम्पोझिट) आहे. रंग आणि उजेड एकाच तारेत कोंबलेले. स्वस्त कन्व्हर्टर तेच गढूळ पाणी मोठ्या भांड्यात ओततो. मशीनच्या मागच्या गोल सॉकेटमधून मूळचाच आरजीबी, म्हणजे लाल, हिरवा, निळा वेगवेगळ्या तारांत असलेला, सिग्नल निघतो. त्याला स्कार्ट केबल (आरजीबी वाहून नेणारी) लावा आणि २४०पी, म्हणजे या मशीनचं २४० ओळींचं चित्र, नीट ओळखणारा स्केलर (चित्र नव्या टीव्हीसाठी मोठं करणारा डबा) घ्या. बरेच नवे टीव्ही २४०पीला ४८०आय (एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांचा सिग्नल) समजून दोन चित्रं एकत्र करतात, मग गेममध्ये मार बसल्यावर लुकलुकणारं पात्र गायबच होतं.

गंमत म्हणजे १९९१ च्या सॉनिक गेममधला धबधबा पिवळ्या पिनेवर पारदर्शक वाटतो, आरजीबीत नुसत्या उभ्या पट्ट्या! माळ्यावर ट्यूबवाला टीव्ही असेल तर भंगारात देऊ नका, हे गेम त्याच्यासाठीच बनले होते. मी दिला, अजून हळहळतोय.