आधी वीजबिलांची फाईल उघडा

एकांनी विचारलंय की ग्रामपंचायतीकडे पैसाच नाही, मग हवामान बदलासाठी ती करणार काय? रास्त प्रश्न आहे. माझा अनुभव सांगतो. आमच्या ग्रामपंचायतीत आम्ही तिघांनी तीन वर्षांची वीजबिलं जमिनीवर पसरून लावली. पाणीपुरवठ्याचा पंप आणि पथदिवे, एवढ्यातच जवळजवळ सगळा खर्च. त्यात एक मीटर अशा विहिरीचा निघाला, जिथला पंप कधीच काढून नेलाय! स्थिर आकार, म्हणजे वीज वापरली नाही तरी लागणारी रक्कम, मात्र दरमहा भरला जात होता. कोणी लबाडी केली नव्हती, बिलं एकत्र बघायला माणूसच नव्हता.

म्हणून म्हणतो, ग्रामपंचायतीला मदत करायची तर इथून करा. २ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालेल्या राज्य सरकारच्या 'माझी वसुंधरा' या पर्यावरण अभियानात गावांना पंचमहाभूतांप्रमाणे गुण मिळतात, ऊर्जेची कामं 'अग्नी'त येतात. झाडं लावून फोटो काढणं सोपं, त्यामुळे अग्नीकडे दुर्लक्ष होतं, हे मला फार खटकतं. मुंबईने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा केला, २०५० चं निव्वळ शून्य उत्सर्जनाचं (जेवढे हरितगृह वायू सोडले तेवढे भरून काढण्याचं) उद्दिष्ट ठेवलं, पण त्यामागे तज्ज्ञ संस्था होत्या. छोट्या गावाला तेवढं नको. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी सौरग्राम, म्हणजे सौर विजेवर चालणारं गाव, झालीच ना?

जवळच्या अभियांत्रिकी कॉलेजातली दोन मुलं महिनाभर द्या. पंपाची क्षमता, चालण्याचे तास, शाळेच्या छपरावर सावली किती वाजता येते, एवढं लिहून काढलं तरी ग्रामसभेत सौर पॅनेलचा ठराव आकड्यांसह मांडता येतो. आमचा तसाच मांडला गेला.