नवं व्हायोलिन: घोडी सुटी आली आहे, आवाजही येत नाही

कोथरूडचा_बाबा
मुलीसाठी (वय ९) व्हायोलिन मागवलं. घोडी (तारा उचलून धरणारा लाकडी तुकडा) वेगळी गुंडाळून आली आहे, तारा लोंबताहेत. बो (गज) तारेवर नुसता घसरतो. तार ताणायची खुंटी पिळून सोडली की उलटी फिरते. हिंदुस्थानी शिकायचं आहे. हे सगळं घरी बसवायला जमेल का?

मंद्रपंचम
जमेल, पण तार ताणण्याआधी एफ आकाराच्या भोकातून टॉर्च मारून आत बघा. पातळ तारेच्या बाजूला एक लाकडी कांडी उभी दिसली पाहिजे. हा साउंडपोस्ट. तो चिकटवलेला नसतो, वरच्या आणि खालच्या फळीमध्ये नुसता अडकलेला असतो. आडवा पडला असेल तर तारा अजिबात ताणू नका. घोडीचा भार पेलायला खाली काही नसलं की वरची फळी खचते, तडकतेही. तो उभा करणं कारागिराचंच काम.

उभा असेल तर घोडी दोन्ही भोकांच्या आतल्या खाचांच्या रेषेत ठेवा, कमी उंचीची बाजू सर्वात पातळ, म्हणजे ई तारेखाली. टेलपीसखाली (तारांची खालची टोकं अडकवलेली पट्टी) रुमाल घाला, नाहीतर तिच्यावरचे फाइन ट्यूनर, म्हणजे सूर जुळवायचे छोटे स्क्रू, पॉलिश ओरबाडतात. चारही तारा आळीपाळीने, थोड्या थोड्या चढवा. ताणताना घोडी फिंगरबोर्डकडे (बोटं ठेवायची लांब पट्टी) झुकते, ती दर वेळी दोन्ही हातांनी सरळ करा. टेलपीसकडची तिची बाजू फळीशी काटकोनात हवी.

खुंटी फिरवतानाच आत दाबायची असते. तरी सुटली तर बाहेर काढून घासणाऱ्या जागी खडू लावा. गच्च बसत असेल तर पेन्सिलीचं शिसं. पुण्यात मे महिन्यात त्या सैल पडतात आणि जुलैत फुगून अडकतात, तेव्हा दोन्ही जवळ ठेवा.

गजवाला
बो घसरतो तो राळेअभावी. राळेची नवी वडी इतकी गुळगुळीत असते की बोच्या केसांना काही लागतच नाही. बारीक पॉलिश पेपरने तिचा पृष्ठभाग खरवडा, मग कोऱ्या केसांवर ३०-४० वेळा पूर्ण लांबीने फिरवा. केस आणि काठी यांच्यात मधोमध पेन्सिल मावेल एवढंच ताणा. केसांना बोट लावू देऊ नका, तेलकट जागा तारेला धरत नाही. वाजवून झालं की बो सैल करायचाच.

मंद्रपंचम
सुरावटीचं राहिलं. मूळ तारा जी-डी-ए-ई. पांढरी पाचचा (पेटीवरचा जी स्वर) सा धरून ए आणि ई दोन-दोन अर्धस्वर उतरवा: सा-प-सा-प. काहीच चढवावं लागत नाही, त्यामुळे तार तुटायची भीती कमी. शिक्षक दुसरी पट्टी सांगतील तर तीच ठेवा.

आणि परत करण्याची मुदत संपायच्या आत माप बघा. व्हायोलिन खांद्यावर ठेवून डावा हात लांब केला की तळहात व्हायोलिनच्या टोकाच्या गोल वळणाला सहज वेढला पाहिजे. नवव्या वर्षी बहुधा अर्धा किंवा पाऊण साइझ लागतो.