सह्याद्रीत हद्द आखताना माळढोकची चूक पुन्हा नको

उत्तरसोलापूरकर: सह्याद्रीत आणखी अभयारण्यं नकोत, संवर्धन राखीव क्षेत्रं करा. १९७९ साली माळढोकसाठी सोलापूर-नगरचे ८,४९६ चौरस किलोमीटर एका फटक्यात आत घेतले. त्यात गावठाणं आली, बागायती आली. जमिनीच्या व्यवहाराची धाकधूक गावागावांत शिरली. पुढे क्षेत्र सुमारे १,२२२ वर आणलं, पण तोवर पक्ष्याबद्दलची आपुलकी आटली होती. राखीव क्षेत्र सरकारी जमिनीवरच होतं आणि समितीत प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक माणूस असतो. २०२० मध्ये सिंधुदुर्गातल्या तिलारीचे २९.५३ चौरस किलोमीटर असेच राखीव झाले.

कातळसडा: पटत नाही. राखीव क्षेत्राला वन्यजीव कायद्यातलं कलम ३० लागू होतं, म्हणजे वणवा लावता येत नाही. ३२ लागू होतं, म्हणजे विषारी रसायनं वापरता येत नाहीत. पण अधिवास मोडायला आणि ओढा वळवायला मनाई करणारं कलम २९ तिथं लागूच नाही! डोंगरात खरी गरज त्याचीच असते. आंबोली टोड हा छोटा भेक कातळावरच्या उथळ डबक्यांत अंडी घालतो. पहिल्या पावसात त्यावरून गाडीचं चाक गेलं की त्या डबक्यातली पुढची पिढी संपली. शिवाय सड्यांचा, म्हणजे या कातळी पठारांचा, बराच भाग खासगी मालकीचा, म्हणजे तुमच्या राखीव क्षेत्राबाहेरच.

उत्तरसोलापूरकर: मालकीच्या जमिनीसाठी कलम ३६ क आहे ना, सामुदायिक राखीव. मालक किंवा गाव स्वतः पुढं आलं की ते होतं. मग समितीचा ठराव आणि शासनाची मंजुरी असल्याशिवाय जमिनीचा वापर बदलत नाही. यात गावाचा हात वर राहतो. माळढोकच्या वेळी नेमकं हेच नव्हतं.

पाणलोट: तुम्ही दोघं कलमांवर भांडताय, पण आधी रेषा कुठून जाते ते बघा. आंबोलीला हिरण्यकेशी नदीच्या उगमाला तिथल्या दुर्मीळ माशासाठी २०२१ मध्ये जैविक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला, क्षेत्र २.११ हेक्टर. तो मासा उगमाच्या कुंडात, पण पाणी वरच्या डोंगरातून मुरत येतं. वर खोदकाम झालं तर खालच्या फलकाचा काय उपयोग? हद्द माथ्यापासून ओढ्यापर्यंत, पाणलोटाप्रमाणेच घ्यावी.

कातळसडा: हे मान्य. आणि पाहणी मे महिन्यात करू नका. तेव्हा सडा नुसता काळा दगड दिसतो. सातबाऱ्यावर तो आधीच पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, मग कोणीतरी खड्डे मारून झाडं लावतो. पातळ माती उपसली जाते, पाणी साचायची जागा बदलते आणि सप्टेंबरची रानफुलं गेली. माळढोकच्या माळावर गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया) झाडं लावून गवताचं हेच केलं. एकदा जूनच्या पहिल्या सरींत बेडकांसाठी, एकदा सप्टेंबरात फुलांसाठी फिरा, मगच नकाशा काढा. कलम २९ चा आग्रह मात्र मी सोडणार नाही.

उत्तरसोलापूरकर: नकाशा पाणलोटाचा, पाहणी पावसाळ्यात, दोन्ही चालेल. पण तो नकाशा राजपत्रात जाण्याआधी ग्रामसभेत भिंतीवर लागला पाहिजे, गट नंबरांसकट.