फोनमधले ॲप आपल्या मेल सर्व्हरवरचे टपाल परस्पर नेत असेल, तर ते थांबवायचे कसे?

रामबागकर (प्रश्न)

सप्रेम नमस्कार. इंदुरातल्या एका सनदी लेखापालांच्या कार्यालयाचा मेल सर्व्हर मी सांभाळतो. सर्व्हर कार्यालयाच्या मालकीचा असून त्यावर पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारा प्रोग्राम) आणि डव्हकॉट (वापरकर्त्याला त्याची मेल दाखवणारा प्रोग्राम) चालतात. एकूण खाती ३२ आहेत.

गेल्या महिन्यात आमच्या एका भागीदारांच्या फोनची स्क्रीन फुटली, म्हणून त्यांनी तो बंद करून जेल रोडवरच्या एका दुकानात दुरुस्तीला दिला. दोन दिवस फोन तिथल्या खणात पडून होता. त्याच दोन दिवसांत, मेलबॉक्स भरल्याच्या एका वेगळ्याच तक्रारीसाठी मी डव्हकॉटचा लॉग, म्हणजे नोंदवही, चाळत असताना, त्यांच्या खात्यात पहाटे २ वाजून ४० मिनिटांनी आणि त्यानंतरही ठरावीक अंतराने लॉगिन झाल्याचे दिसले. पासवर्ड बरोबर होता, टीएलएस, म्हणजे जोडणीचे सांकेतिक संरक्षण, व्यवस्थित होते, फक्त समोरचा आयपी पत्ता परदेशातल्या एका क्लाउड कंपनीचा होता. पासवर्ड चोरीला गेला या समजुतीने मी त्यांना घाईघाईने विचारले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, ‘‘अहो, मी नवीन मेलचे ॲप घेतले आहे, त्यात मेल पटकन येते.’’

मग सगळी खाती तपासली. आणखी आठ जणांचा हाच प्रकार निघाला. या खात्यांत पक्षकारांची विवरणपत्रे, बँकेचे उतारे, पॅन क्रमांक असे सर्व काही असते, आणि पक्षकाराच्या संमतीवाचून त्याची माहिती बाहेर जाऊ देणे हे सनदी लेखापाल अधिनियम, १९४९ च्या दुसऱ्या अनुसूचीप्रमाणे व्यावसायिक गैरवर्तन ठरते, त्यामुळे भागीदार आता माझ्याइतकेच अस्वस्थ आहेत. अशी ॲप सर्व्हरला ओळखता येतात का, आणि फोनवर मेल पाहण्याची सोय काढून न घेता ती अडवता येतात का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुना टपाली

आपला लॉग खरे सांगत आहे, पण त्याचा अर्थ नीट लावून घेतला पाहिजे. येथे वाटेत कोणी पाकीट फोडत नाही. वापरकर्त्याने ॲपमध्ये जो पासवर्ड टाकला तो फोनमध्ये न राहता ॲप बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर गेला, आणि आता तो सर्व्हरच आपल्या ९९३ क्रमांकाच्या पोर्टवर (मेल वाचण्यासाठीच्या दारावर) रीतसर लॉगिन करून टपाल नेतो. म्हणून टीएलएस कितीही कडक केले तरी उपयोग नाही, कारण त्या सुरक्षित जोडणीचे दुसरे टोकच त्या कंपनीच्या हातात आहे.

कंपन्या असे का करतात, हेही समजून घेण्यासारखे आहे. आयमॅपमध्ये, म्हणजे सर्व्हरवरची मेल वाचण्याच्या पद्धतीत, ‘आयडल’ नावाची आज्ञा १९९७ पासून, म्हणजे आरएफसी २१७७ या इंटरनेट-दस्तऐवजापासून आहे. जोडणी उघडी ठेवायची, नवी मेल आली की सर्व्हर लगेच कळवतो, आणि जोडणी तुटू नये म्हणून २९ मिनिटांच्या आत ती आज्ञा पुन्हा द्यायची. आयफोन मात्र ॲपला पार्श्वभूमीत अशी जोडणी तासन् तास धरून ठेवू देत नाही. त्यामुळे कंपनी ती जोडणी स्वतःच्या सर्व्हरवरून धरते आणि मेल आली की ॲपलच्या सूचना-सेवेमार्फत फोनला हाक मारते. आपले भागीदार ज्या ‘पटकन’चे कौतुक करतात, त्याची किंमत ही आहे. फोन खणात बंद पडलेला असतानाही लॉगिन चालू राहते ते याच कारणाने.

प्रकार नवा नाही. मायक्रोसॉफ्टने अकॉम्पली ही मेल-ॲप बनवणारी कंपनी विकत घेऊन २०१५ च्या जानेवारीत तेच ॲप आउटलुक या नावाने फोनवर आणले, तेव्हा पुढच्याच महिन्यात युरोपियन संसदेच्या माहिती-तंत्रज्ञान विभागाने सुरक्षेच्या कारणावरून ते आपल्याकडे बंद केले. २०२३ च्या नोव्हेंबरात विंडोजवरच्या नव्या आउटलुकबद्दल जर्मनीत हीच चर्चा पुन्हा झाली, म्हणजे केवळ फोन तपासून भागणार नाही.

ओळखण्याविषयी सांगायचे तर डव्हकॉटमध्ये ‘आयमॅप आयडी लॉग’ ही सोय सुरू करावी. बरीचशी ॲप जोडणी करताना स्वतःचे नाव आणि आवृत्ती सांगतात आणि ती लॉगमध्ये उमटते. मात्र ही माहिती ॲपने आपण होऊन दिलेली असते, ती खोटी देता येते किंवा मुळीच दिली नाही तरी चालते. त्यामुळे नावावरून अडवणूक करण्यात अर्थ नाही. भरवशाचा पुरावा एकच, तो म्हणजे लॉगमधला ‘आरआयपी’, अर्थात समोरचा पत्ता. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस राखायचे असतात. आपण ते राखले असतील तर प्रत्येक खात्यात पहिले परकीय लॉगिन कोणत्या दिवशी झाले, हे आजच काढून ठेवावे. पक्षकारांना कळवण्याची वेळ आली तर तीच तारीख विचारली जाईल.

देवासनाका

पत्ते अडवण्याचा मोह होईल, म्हणून माझी फजिती सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या सर्व्हरवर मी हाच उपाय केला होता. मोठ्या क्लाउड कंपन्या आपल्या पत्त्यांच्या याद्या स्वतःच प्रसिद्ध करतात. त्या उतरवून घेतल्या आणि फायरवॉलमध्ये सरसकट टाकून दिल्या. ॲप थांबली आणि मी समाधानाने घरी गेलो. तिसऱ्या दिवशी लेखा विभागातल्या बाईंनी विचारले की पुरवठादारांची बिले का येत नाहीत. त्या पुरवठादारांचे मेल सर्व्हरही त्याच क्लाउडमध्ये होते, आणि मी ९९३ बरोबर २५ क्रमांकाचे पोर्टही बंद करून बसलो होतो! दुसरे सर्व्हर आपल्याला टपाल देतात ते २५ वर, तेव्हा त्याला हात लावायचा नाही. अडवायचे ते आयमॅपचे ९९३ आणि १४३, पॉप (मेल उतरवून घेण्याची जुनी पद्धत) चालू असल्यास ९९५ आणि ११०, आणि तितकेच महत्त्वाचे म्हणजे ५८७ व ४६५, कारण ॲपचा सर्व्हर आपल्या नावाने मेल पाठवतो तो तिथूनच.

एवढे करूनही याद्या बदलत राहतात आणि आपण त्यांच्या मागे धावत राहतो. मी तो नाद सोडला.

जुना टपाली

देवासनाका यांच्या अनुभवाशी मी सहमत आहे. कोणाला अडवायचे याची यादी कधी पुरी होत नाही, म्हणून कोणाला येऊ द्यायचे हे ठरवावे. डव्हकॉटमध्ये प्रत्येक वापरकर्त्याला ‘अलाउ नेट्स’ हे क्षेत्र देता येते. त्यात लिहिलेल्या जाळ्याबाहेरून पासवर्ड बरोबर असला तरी प्रवेश मिळत नाही. अडचण अशी की मोबाइल डेटावर फोनचा पत्ता सतत बदलतो, त्यामुळे लोकांचे पत्ते थेट लिहिता येत नाहीत. म्हणून आधी वायरगार्ड, म्हणजे इंटरनेटवरून खासगी जाळे (व्हीपीएन) उभारणारा प्रोग्राम, उभे करावे, प्रत्येक फोनला त्यातला एक खासगी पत्ता द्यावा आणि ‘अलाउ नेट्स’मध्ये फक्त कार्यालयाचे जाळे, हे खासगी जाळे आणि १२७.०.०.१ (यंत्राचा स्वतःचाच पत्ता) लिहावे. शेवटचा पत्ता विसरू नये, कारण वेबमेल त्याच यंत्रावर असेल तर तो डव्हकॉटकडे त्याच पत्त्याने येतो. मी एकदा विसरलो होतो आणि सकाळी दहा वाजता सगळे कार्यालय माझ्या दारात उभे होते.

वायरगार्डची खासगी किल्ली फोनमध्येच राहते. ॲपच्या कंपनीकडे पासवर्ड गेला तरी तिचा सर्व्हर आपल्या खासगी जाळ्यात शिरू शकत नाही, आणि सगळी मेख इथेच आहे.

स्नेहलतागंज

तांत्रिक उपाय योग्यच आहेत, परंतु एक गोष्ट राहून जात आहे असे वाटते. अडवणूक सुरू झाली तरी त्या नऊ जणांचे पासवर्ड अजून त्या कंपनीकडेच आहेत. शिवाय फोनवरून ॲप काढून टाकल्याने तिच्या सर्व्हरवरचे खाते पुसले जातेच असे नाही. आमच्याकडे एकाने ॲप काढल्यानंतरही अकरा दिवस लॉगिन येत होते. म्हणून क्रम असा ठेवावा, की आधी ॲपच्या आत जाऊन खाते काढून टाकण्यास सांगावे, नंतर ॲप काढावे, आणि त्यानंतर पासवर्ड बदलावा. उलट क्रमाने केल्यास माणूस नवा पासवर्डही त्याच ॲपमध्ये मोठ्या विश्वासाने टाकतो.

दुसरे असे की पर्याय हाती दिल्याशिवाय बंदी टिकत नाही. अँड्रॉइडवर के-नाइन मेल किंवा २०२४ च्या ऑक्टोबरात आलेले थंडरबर्ड फोनवरूनच थेट जोडणी करते आणि ‘आयडल’ही चालवते. आयफोनवर ॲपलचे स्वतःचे मेल ॲप फोनवरूनच जोडते, पण साध्या आयमॅपची मेल त्यात काही मिनिटे उशिरा येते. हे भागीदारांना आधीच स्पष्ट सांगावे, नाहीतर ‘तुमचा सर्व्हर मंद आहे’ असे ऐकून घ्यावे लागेल.

रामबागकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन रविवार खर्चून वायरगार्ड आणि ‘अलाउ नेट्स’ दोन्ही लावले. ९९३, ५८७ आणि ४६५ आता बाहेरून दिसत नाहीत, २५ पूर्ववत आहे. नऊ जणांना एकेक करून बसवले, स्नेहलतागंज यांच्या क्रमाने खाती काढली आणि पासवर्ड बदलले. सोमवारी सकाळी लॉगमध्ये त्याच परदेशी पत्त्यांवरून जोडणीचे प्रयत्न दिसले, पण ते फायरवॉलशीच थांबले होते.

याच तपासात आणखी एक चोरवाट सापडली. एका सहकाऱ्याने वेबमेलमध्ये नियम लावून आपली सगळी मेल बाहेरच्या एका फुकट खात्यावर वळवली होती आणि ते ॲप त्या खात्याला जोडले होते, त्यामुळे माझ्या यादीत त्याचे नाव आलेच नव्हते. डव्हकॉटच्या सीव्हमध्ये, म्हणजे असे नियम चालवणाऱ्या भागात, ‘मॅक्स रीडायरेक्ट्स’ (मेल किती ठिकाणी वळवता येते ती मर्यादा) शून्य केल्यावर तीही वाट बंद झाली. ज्यांनी सीव्ह चालू ठेवले आहे त्यांनी वापरकर्त्यांचे नियम एकदा उघडून पाहावेत.

ज्यांच्या फोनपासून हे सारे सुरू झाले ते भागीदार अजून थोडे नाराज आहेत. मेल सात-आठ मिनिटे उशिरा येते, असे त्यांचे म्हणणे आहे. मी त्यांच्या टेबलावर थंडरबर्ड चालणारा जुना अँड्रॉइड फोन ठेवून आलो आहे. त्यावर मेल लगेच येते, पण तो फोन घरी न्यायला ते तयार नाहीत.