प्रतिसाद: जाताना सोळा, येताना चौदा
वर विचारलंय, मुंबई–न्यूयॉर्क अंतर तेच, मग जाताना साधारण १६ तास आणि येताना १४ कसे? सगळा वाऱ्याचा खेळ. दहाएक किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. येताना ते पाठीशी, जाताना तोंडावर. सुमारे १२,५०० किमी हे या दोन शहरांमधलं, पृथ्वीच्या गोलावरचं कमीत कमी अंतर, विमान तेवढंच उडेल असं नाही. एअर इंडियाने २०१६ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. वाट सुमारे १,४०० किमीने लांबली, तरी वारा पाठीशी असल्याने वेळ उलट वाचला! आणि हो, तिकिटावरच्या वेळा सरळ वजा करू नका; मुंबई आणि न्यूयॉर्कच्या घड्याळांत उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक असतो. मी एकदा फसलोय.