हातच्याची वजाबाकी: शाळेत एक रीत, घरी दुसरी

प्रश्न: मुलगी तिसरीत आहे. ५२ − २७ चं उत्तर ३५ लिहिते. बाई काड्यांचे गठ्ठे सोडवून शिकवतात, घरी आजोबा ‘वर दहा, खाली एक’ सांगतात. नेमकं कुठे अडतंय? बाईंशी काय बोलू?

उत्तर १: ती एकक-दशकाच्या प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतेय: ७ मधून २, ५ मधून २. दशक सुटा करता येतो, हेच अजून पटलेलं नाही. आइस्क्रीमच्या काड्या घ्या. दहा-दहाचे पाच गठ्ठे रबर लावून, दोन सुट्या. ‘सत्तावीस दे’ म्हणा. रबर तिलाच काढू द्या. चार गठ्ठे, बारा सुट्या झाल्या की त्याच क्षणी वहीत ५ खोडून ४ आणि २ च्या जागी १२ लिहायचं. काड्या आज आणि वही उद्या असं केलं तर दोन्हींचा मेळच लागत नाही.

उत्तर २: आजोबांची रीत बरोबरच आहे: वरच्या एककात दहा, खालच्या दशकात एक, म्हणजे दोन्ही संख्यांत दहाच मिळवले, तरी फरक तोच राहतो. पण दोन्ही रीती एकदम आल्या की मुलं वर ४ करतात आणि खाली ३ सुद्धा. उत्तर येतं १५! सध्या बाईंचीच रीत ठेवा, आजोबांनाही काड्या घेऊन बसवा.

उत्तर ३: पालकसभेपर्यंत थांबू नका. चुकलेलं गणित पुसू नका, तसंच बाईंना दाखवा आणि काड्यांनी जमतं की नाही तेही सांगा. पुढचं त्यांना त्यावरूनच ठरवता येतं. घरी रोज चार गणितं पुरे. त्यात दोन बिनहातच्याची, ५८ − २३ सारखी. नाहीतर मूल गरज नसतानाही दशक मोडत सुटतं. ४०२ − १७८ सारखी, मध्ये शून्य असलेली, वर्गात होईपर्यंत नकोत.