जेएसकेचा सुवर्णकाळ कुणाचा? सरकारी कंपनीचा की काबिलियाचा?

मध्यरेषा (धागाकर्ता)

2023 मध्ये अल्जीरियातल्या तिझी उझूच्या जेएस काबिली (जेएसके) या फुटबॉल क्लबाचा व्यावसायिक संघ मोबिलिस या सरकारी मोबाइल कंपनीच्या ताब्यात गेला. तेव्हापासून एक सूर सारखा ऐकू येतो, की काबिलिया या डोंगराळ प्रदेशातल्या बर्बर भाषिक, स्वाभिमानी काबिल लोकांचा क्लब सरकारच्या दावणीला बांधला. माझं म्हणणं उलट आहे. या क्लबाची सगळ्यात मोठी वर्षं सरकारी कंपनीच्याच छत्राखाली गेली. 1977 च्या क्रीडा सुधारणेत क्लब सोनेलेक या विद्युत उपकरणं बनवणाऱ्या राष्ट्रीय कंपनीला जोडला गेला आणि नाव झालं 'जनेस इलेक्ट्रॉनिक तिझी उझू', थोडक्यात जेईटी. पुढे काय झालं ते पाहा: 1980, 1982, 1983, 1985, 1986 ची लीग, 1986 मध्येच राष्ट्रीय कप, आणि 1981 मध्ये आफ्रिकन चॅम्पियन क्लब कप. त्या अंतिम फेरीत झाईरच्या व्हिता क्लबला घरी 4-0, किन्शासात जाऊन 1-0. डोंगराळ भागातल्या एका जिल्ह्याच्या गावाला हे देणगीदारांच्या वर्गणीवर जमलं असतं का? मला नाही वाटत. तेव्हा सोनेलेक चालली, मग आता मोबिलिसच्या नावाने बोटं का मोडायची?

चुन्याची रेघ

यादी बरोबर आहे, पण सोयीच्या जागेवरून सुरू केलीत. 1969 मध्ये क्लब पहिल्या श्रेणीत चढला. चार वर्षांत, म्हणजे 1973 ला, विजेता. 1974 ला पुन्हा. 1977 ला लीग आणि कप दोन्ही. ही तीन विजेतेपदं सोनेलेक येण्याआधीची. कंपनीला तयार संघ मिळाला, तोही दुहेरी मुकुट डोक्यावर घेतलेला. पिकलेल्या शेतात कापणीला येऊन पेरणीचं श्रेय मागण्यातला प्रकार आहे हा.

आणि 1969 ला वर आल्यापासून हा क्लब एकदाही खाली गेलेला नाही. अल्जीरियातल्या दुसऱ्या कुठल्या मोठ्या क्लबाला हे सांगता येत नाही. यात कंपनीची वर्षं बारा-एक. उरलेल्या चाळीसेक वर्षांचं काय करायचं?

शिट्टी

धागाकर्त्यांच्या मांडणीत मूळ गल्लत आहे. कंपनी एकट्या जेएसकेला मिळाली नव्हती, मोठ्या सगळ्याच क्लबांना मिळाली होती. पद्धत अशी:

क्लब एखाद्या राष्ट्रीय कंपनीशी जोडायचा आणि नावात तिच्या उद्योगाची खूण आणायची. मुलूदिया अल्जेर सोनात्राककडे, म्हणजे तेलाकडे गेला आणि 'पेत्रोलिए' झाला. यूएसएम अल्जेर वीज कंपनीकडे गेला, नावात 'कहरबा' आलं (अरबीत वीज). कूबाचा राएद पोलादवाल्यांकडे, म्हणून 'सोल्ब'. हुसेन दे चा नस्र जहाज कंपनीकडे, म्हणून 'मिलाहा'. खेळाडू कंपनीच्या पगारपत्रकावर. कागदावर कामगार, प्रत्यक्षात दिवसभर सराव. सरावाची मैदानं, बस, वैद्यकीय खर्च, तरुण संघ हे सगळं कंपनीच्या खात्यावर.

आता सोनात्राक आणि सोनेलेक यांच्या तिजोऱ्यांची तुलना करा. एकीकडे देशाचं तेल आणि वायू, दुसरीकडे फ्रिज आणि चुली. पैशाने विजेतेपदं येत असती तर मुलूदियाने ते दशक गिळून टाकलं असतं. झालं काय? त्यांनी 1978 आणि 1979 घेतली आणि त्यानंतरचं विजेतेपद थेट 1999 ला. वीस वर्षं! कंपनी हा घटक सगळ्यांच्या बाजूला सारखाच आहे, तो दोन्हीकडून खोडला जातो. उरतं ते वेगळं काहीतरी, आणि चर्चा त्यावर व्हायला हवी.

मध्यरेषा

शिट्टी, मुलूदियाचा दाखला बिनतोड आहे, मान्य. पण मी 'जास्त पैसा' म्हटलं नव्हतं. सोनेलेकचा एक कारखाना तिझी उझूच्या शेजारी उएद ऐसीला होता, दुसरा फ्रेहाला. म्हणजे कंपनी अंगणातली. खेळाडूला नोकरी, घर आणि सराव एकाच खोऱ्यात. प्रेक्षकांतले निम्मे लोक त्याच कारखान्यांच्या पाळीवर किंवा पाळीवरच्या कुणाचे तरी नातलग. तेल कंपनीचं तसं नव्हतं. तिचं कार्यालय राजधानीत आणि विहिरी सहाराच्या वाळवंटात.

दुसरं म्हणजे खेळाडू बाहेर जात नव्हते. त्या काळात अल्जीरियन खेळाडूला 28 वर्षांचा होईपर्यंत परदेशी क्लबात जायची परवानगी नव्हती. खेळाडूंवर हा अन्यायच होता, त्याबद्दल दुमत नाही. पण क्लबाच्या दृष्टीने एक संघ सात-आठ वर्षं अखंड राहिला.

चुन्याची रेघ

28 चा नियमही सगळ्यांनाच लागू होता की! शिट्टींचाच मुद्दा पुन्हा. 'प्रेक्षकांतले निम्मे' हा आकडा कुठून काढलात तेही सांगा.

मध्यरेषा

आकडा नव्हे, बोलण्याच्या ओघातलं. मागे घेतो. कारखाने शेजारी होते हे मागे घेत नाही.

डगआउट

सगळे कंपनी-कंपनी करताहेत, बाकावर कोण बसलं होतं ते कुणी बोलेना. महियेद्दीन खालेफ आणि स्तेफान झिवोत्को. एक क्लबाचाच माजी खेळाडू. दुसरा पोलंडचा. 1977 पासून ही जोडी जवळजवळ चौदा वर्षं टिकली. अल्जीरियन क्लबात प्रशिक्षक एक मोसम पुरा काढतो तेव्हा पेढे वाटायची वेळ येते, हे लक्षात घेऊन ही चौदा वर्षं वाचा.

दोन प्रशिक्षक असले की सहसा भांडणं होतात, कारण संघ कोण निवडणार हे ठरलेलं नसतं आणि वगळलेला खेळाडू दुसऱ्याच्या दारात उभा राहतो. इथे तसं झालं नाही. निकालच पाहा: 1977 चा संघ, 1981 चा संघ, 1986 चा संघ आणि 1990 चा संघ हे चार वेगवेगळे संच आहेत. मधल्या फळीत अली फर्गानी आला, तोही हुसेन दे कडून. बचावात सालाह लार्बेस, गोलात मुराद अमारा, पुढे जमाल मनाद. पिढी बदलली, पद्धत राहिली. 1982 च्या विश्वचषकात अल्जीरियाने स्पेनमधल्या हिहोन इथे पश्चिम जर्मनीला 2-1 हरवलं, तेव्हा राष्ट्रीय संघाच्या बाकावरही खालेफच होते, रशीद मेखलूफींच्या जोडीने.

आणि धागाकर्त्यांना अवघड जाईल अशी गोष्ट: 1983 मध्ये सरकारने सोनेलेकचेच तुकडे केले. उएद ऐसीचा कारखाना एनियेम या नव्या कंपनीत गेला. सोनेलेक होती तशी उरलीच नाही, तरी 1985 आणि 1986 आलेच. मालक फुटला, बाक फुटला नाही.

अभिलेख

थोडा इतिहास दुरुस्त करून घेऊ. इथे अजून कुणी म्हटलं नाही, पण या विषयावर कुणीतरी हमखास म्हणतं, की क्रीडा सुधारणा हा काबिलियावर उगवलेला सूड होता. कथा अशी: 19 जून 1977, अल्जेरच्या 5 जुलै स्टेडियममध्ये कपची अंतिम लढत, जेएसके विरुद्ध नस्र हुसेन दे. राष्ट्राध्यक्ष बूमेदियन जातीने हजर. काबिल प्रेक्षकांनी त्यांच्यासमोर हुर्यो केली, आपल्या भाषेच्या बाजूने घोषणा दिल्या. जेएसके 2-1 ने जिंकला. आणि मग चिडून सरकारने क्लबाचं नाव पुसलं.

घोषणा झाल्या, हे खरं. पण सुधारणेचा पाया असलेली शारीरिक शिक्षण आणि क्रीडा संहिता 23 ऑक्टोबर 1976 ची आहे, सामन्याच्या आठ महिने आधीची. शिवाय नावं सगळ्यांचीच बदलली. सूडकथा तारखांवर टिकत नाही.

मात्र नावाची खाज आधीपासून होती हेही खरं. मुलूदियाच्या नावात शहर होतं, ते राहिलं. जेएसकेच्या नावात प्रदेश होता, आणि एका भाषेच्या, एका समाजाच्या प्रदेशाचं नाव मैदानात घुमणं राज्यकर्त्यांना नको होतं. म्हणून कंपनी येण्याच्या आधीच, 1970 च्या दशकाच्या मध्याला, 'काबिली' जाऊन 'कौकबी' आलं: 'जमियत सरी कौकबी'. अरबी नाव, पण आद्याक्षरं तीच, जेएसके. हे ज्याला सुचलं तो हुशार होता. प्रेक्षकांनी ओरडायचं तेच ओरडत राहायचं.

तिफिनाघ

अभिलेख यांच्यापुढे जोडतो. प्रेक्षकांनी जेएसकेचा अर्थ लावला 'ज स्वी काबिल', मी काबिल आहे. ती आद्याक्षरंही गेली आणि जेईटी आलं तेव्हा त्याचा अर्थ केला 'जुगुर्था एग्झिस्त तुजूर', जुगुर्था अजून आहे. जुगुर्था म्हणजे रोमशी लढलेला नुमिडियाचा राजा. विद्युत उपकरणांच्या कंपनीने दिलेलं नाव दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजाच्या खाती जमा!

मार्च 1980 मध्ये तिझी उझूच्या विद्यापीठात लेखक मुलूद मामेरी यांचं प्राचीन काबिल कवितेवरचं व्याख्यान सरकारने रोखलं. त्यातून 'बर्बर वसंत' हे भाषिक आंदोलन पेटलं, 20 एप्रिलला पोलीस विद्यापीठात घुसले. हजारो माणसांनी एकत्र येऊन आपल्या भाषेत ओरडावं अशी जागा तेव्हा स्टेडियमच उरली होती. त्याच मोसमात संघ लीग जिंकला. शिट्टींनी विचारलेलं 'वेगळं काहीतरी' ते हेच. पाहुणा संघ तिझी उझूला यायचा तेव्हा त्याच्यासमोर अकरा माणसं नसायची.

शिट्टी

तिफिनाघ, यात मला घाई वाटते. गर्दीचा जोर घरच्या मैदानावर चालतो, पण लीग अर्धी बाहेर खेळली जाते आणि किन्शासातला 1-0 तिथल्या गर्दीसमोर आला. अस्मितेने संघाला खेळाडू धरून ठेवता आले, भरती सोपी झाली, इतपत मान्य. फर्गानीसारखा माणूस राजधानीचा क्लब सोडून डोंगरात येतो, त्यात हे आलंच. पण त्याच्यापुढे डगआउट यांची चौदा वर्षं मला जास्त वजनदार वाटतात. अस्मिता तर 2008 नंतरही होती. लीग कुठे आली?

कॉर्नरचा झेंडा

2008 नंतरचं सांगायचं तर 1993 ते 2017 एकच अध्यक्ष, मोहंद शेरीफ हन्नाशी. 1970 च्या दशकातल्या विजेत्या संघातला खेळाडू. पहिली पंधरा वर्षं भरभराट: 1995, 2004, 2006, 2008 ची लीग, 1995 चा आफ्रिकन कप विजेत्यांचा कप, आणि 2000, 2001, 2002 असा लागोपाठ तीनदा सीएएफ (आफ्रिकन फुटबॉल महासंघ) कप. या काळात सरकारी कंपनी मालक नव्हती हे मध्यरेषा यांनी टिपून घ्यावं. 2001 चा विजय तर काबिलियात 'काळा वसंत' चालू असताना आला, गोळीबारात माणसं मरत होती तेव्हा.

जिंकले कसे तेही पाहा. 2000 ला इजिप्तच्या इस्माइलीबरोबर तिकडे 1-1, घरी 0-0. 2001 ला ट्युनिशियाच्या एत्वाल दु साहेलकडे 1-2 हार, घरी 1-0. दोन्ही वेळा बेरीज सारखी आणि बाहेरच्या मैदानातल्या गोलवर निर्णय. परक्या मैदानात एक गोल काढायचा, घरी येऊन दार लावून घ्यायचं. 2002 ला मात्र याउंदेच्या तोनेरला पहिल्याच लढतीत 4-0 दिले आणि परतीचा सामना 0-1 हरायची चैन केली.

मध्यरेषा

कौतुक आहेच, पण सीएएफ कप ही तिसऱ्या पायरीची स्पर्धा होती. चॅम्पियन आणि कप विजेते वगळून उरलेल्यांची. 2004 मध्ये ती कप विजेत्यांच्या स्पर्धेत विलीन करून कॉन्फेडरेशन कप झाला. पहिल्या पायरीवर क्लब दोनदाच उभा राहिला, 1981 आणि 1990. दोन्ही वेळा तो संघ कंपनीच्या काळात घडलेला होता. 1990 ला झांबियाच्या एन्कानाबरोबर घरी 1-0, तिकडे 0-1, आणि पेनल्टींवर 5-3. तेव्हा जुनं नाव परत आलं होतं खरं, पण खेळाडू रातोरात नाही बदलत.

चुन्याची रेघ

प्रशिक्षकही नव्हते बदलले.

डगआउट

:) हेच लिहायला आलो होतो.

लाल कार्ड

तुलना वेगळीच करावीशी वाटते. आपल्याकडे मुंबईत कंपन्यांचे संघ होतेच. महिंद्र युनायटेड 2006 ला राष्ट्रीय विजेता झाला आणि 2010 ला कंपनीने संघच बंद केला. कंपनीच्या मनात आलं की क्लब संपतो, ही खरी भीती. जेएसकेचं तसं का झालं नाही, यात धाग्याचं उत्तर आहे. 1980 च्या दशकाअखेर सुधारणा गुंडाळली गेली, सोनेलेकवाले बाजूला झाले, तरी क्लब उभा राहिला, कारण तो कंपनीने जन्माला घातलेला नव्हता. 2 ऑगस्ट 1946 ला स्थापन झालेला, वसाहतकाळातला मुस्लिम क्लब. स्वातंत्र्ययुद्धात खेळ थांबवून 1962 ला पुन्हा सुरू केलेला. कंपनी हा त्याच्या घरातला एक भाडेकरू होता.

कॉर्नरचा झेंडा

भाडेकरू म्हणून 1977 ची कंपनी आली असेल, 2023 ची नाही. तेव्हा क्लब कंपनीला *जोडला* होता. आता व्यावसायिक संघ ही भागभांडवल असलेली कंपनी आहे. 2010 मध्ये अल्जीरियात व्यावसायिक लीग आली तेव्हा प्रत्येक क्लबाला ती काढावी लागली, आणि मोबिलिसने त्यात बहुसंख्य भाग घेतले. तिच्या शेजारी जुना हौशी क्लब वेगळा जिवंत आहे. दोन घरं, एक नाव. अल्जीरियातल्या क्लबांत निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात: कर्ज कुणाचं, चिन्ह कुणाचं, तरुण संघांचा खर्च कुणी करायचा. मोसमाच्या मध्यात हे उकरलं की पगार थांबतात आणि खेळाडू तक्रार घेऊन महासंघाकडे जातात.

मध्यरेषा

म्हणूनच तर पैसेवाला एकच भागधारक हवा! 2022-23 ला संघ लीगच्या तळाशी लोंबकळत होता. 2024-25 ला दुसरा आला, मुलूदियाच्या मागे. आणि गंमत बघा, मुलूदियाचा मालक पुन्हा सोनात्राकच.

शिट्टी

2021-22 लाही दुसराच आला होता. मोबिलिसच्या आधी. आता एवढंच पाहायचं आहे, की नव्या मालकाच्या काळात एक प्रशिक्षक सलग तीन मोसम टिकतो का.